डाव्याला निळी फुली

आमच्या घरात आम्ही दोघं राहतो आणि ते दोघं. आमचं वजन वर्षागणिक बदलतं, त्यांचं बदलत नाही. प्रत्येकी बावन्न किलो. उंची माझ्या खांद्यापर्यंत, रंग काळा, तोंडावर जाळी आणि बुडाला चार-चार टोकदार खिळे, जमिनीत पाय रोवून उभं राहायला. गाणं ऐकायचे स्पीकर आहेत हे सांगावं लागतं, कारण नवीन माणसाला ती कपाटं वाटतात. एकदा एक पाहुण्या बाई त्यातल्या एकावर पाण्याचा ग्लास ठेवायला गेल्या. आमचे हे खुर्चीतून ज्या चपळाईने उठले, तसे ते आजवर माझ्या हाकेला कधी उठलेले नाहीत.

मी कोट शिवते. अस्तराचे, जाड कापडाचे, मापाला चोख. माझ्या टेबलावर बाह्या मावतात, कॉलर मावते, पण अख्खा लांब कोट बेतायचा तर हॉलची जमीनच लागते. आणि हॉलच्या बरोब्बर मधोमध हे दोघं उभे. भिंतीला टेकवून ठेवा म्हटलं तर ह्यांचं उत्तर ठरलेलं, "अगं, भिंतीला टेकले की आवाज घुमतो." तेव्हा भिंतीपासून तीन फूट पुढे, एकमेकांपासून सहा फूट लांब, आणि समोर ह्यांची खुर्ची. माझं कापड त्यांच्या पायांना वळसा घालून अंथरायचं. एका गिऱ्हाइकाच्या उंची कापडाला त्या खिळ्याने भोक पाडलं, त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"ऐका," मी म्हटलं. "सकाळी दहाला हे दोघं बाजूला आणि संध्याकाळी परत जागेवर. मला एकटीला, कंबर न मोडता, सरकवता आले पाहिजेत. महिनाअखेरपर्यंत जमलं तर राहतील, नाही तर जातील."

"ते गेले तर माझं ऐकणंच गेलं म्हण," ते म्हणाले. आवाजात एवढी काकुळती होती की मला वाईट वाटलं. पण कापडाला पडलेलं भोक आठवलं आणि मी मुदत तशीच ठेवली.

ऐकणं हा ह्यांचा छंद आणि पोटाचा धंदाही. हॉस्पिटलात हे कान तपासतात. माणसाला एका बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बारीक बारीक शिट्ट्या ऐकवायच्या, ऐकू आली की बटण दाबायचं. मग त्याचा तक्ता काढायचा. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. कान चांगला असेल तर खुणा तक्त्यात वर राहतात, उतरला की खुणाही खाली उतरतात. बत्तीस वर्षं हेच. आणि बत्तीस वर्षं चहाच्या वेळी तेच प्रवचन: "माणूस सात वर्षं उशिरा येतो. कान गेला हे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. आधी बायको पुटपुटायला लागते, मग टीव्ही बिघडतो, मग जगच हळू बोलायला लागतं. स्वतःहून कोणी येत नाही, घरच्यांनी धरून आणावं लागतं." हे सांगून ते हसतात. मीही हसते. न हसून सांगते कोणाला.

तर स्पीकर. पहिल्यांदा आम्ही जुनं ब्लँकेट खाली घालून ओढून पाहिलं. खिळ्यांनी ब्लँकेटच्या चिंध्या केल्या. मग पान्याने खिळे काढले. ते काढताना ह्यांचं तोंड स्वतःचा दात उपटत असल्यासारखं झालं होतं. बिनखिळ्याचा स्पीकर ब्लँकेटवरून सरकायचा, पण सरकवायला ह्यांना मागून ढकलावं लागायचं आणि मला पुढून ओढावं लागायचं. म्हणजे दहा वाजता दोघांची वरात, आणि हे तर साडेनऊलाच कामाला जातात. एकटीने ओढला त्या दिवशी मी दुपारभर आडवी होते, आणि ज्याचा कोट होता त्याने तीनदा फोन केला.

मग ह्यांनी डोकं चालवलं. हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या मोडक्या खुर्च्यांची चाकं आणली, स्पीकरच्या बुडाएवढी फळी कापली, खाली चार चाकं ठोकली. दिसायला झकास. पहिल्या दिवशी लोण्यासारखा पळाला. दुसऱ्या दिवशी मी नऊलाच ढकलायला गेले, तर उजव्या स्पीकरचं एक चाक फरशीच्या सांध्यात अडकलं, आणि बावन्न किलो माझ्या अंगावर झुकले. मी खांद्याने थोपवला. आता ना सोडता येईना ना धरता. हे अंघोळ करत होते, नळ बंद होता, गुणगुणणं ऐकू येत होतं. "अहो!" मी ओरडले. "अहो, या!" गुणगुणणं चालूच. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई धावत आल्या. हे आले ते टॉवेल गुंडाळून, केस पुसत.

"हाक मारायचीस ना," ते म्हणाले.

मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

महिना संपायला सहा दिवस होते तेव्हा हे चाकवाल्याला घेऊन आले. चाकवाले म्हणजे ह्यांच्याच हॉस्पिटलातले फिटर. स्ट्रेचर, खाटा, औषधांच्या ट्रॉल्या, ज्याला ज्याला चाक आहे ते त्यांच्या ताब्यात. त्यांचं खरं नाव हॉस्पिटलात कोणाला माहीत नाही, पगाराच्या दिवशी त्यांना स्वतःला आठवत असेल. ते आले, चपला काढल्या, स्पीकरच्या छातीवर एक बोट ठेवलं आणि हळूच रेटलं. तो कुठे डगमगतो ते पाहिलं. मग ह्यांच्या फळीकडे पाहिलं.

"साहेब, उंच माणसाला बारीक पाय दिलेत. पडणारच तो."

त्यांनी दोन रविवार घेतले. मी मुदत वाढवून दिली, कारण हा माणूस मापं घेताना बोलत नव्हता, आणि मापं घेताना न बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. त्यांनी बुडापेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठी, जाड फळी केली. चाकं खाली नाही, चार कोपऱ्यांना बाहेरून लावली, त्यामुळे फळी जमिनीपासून जेमतेम बोटभर वर राहिली. स्पीकर उंचावलाच नाही, मग झुकेल कशाला? चाकं जुन्या खाटांची, मुठीएवढी, मऊ करड्या रबराची, फरशीचे सांधे त्यांच्या खिजगणतीतही नव्हते. आणि प्रत्येक फळीला एक खटका. पायाने दाबला की चाकं उचलली जायची आणि फळी जमिनीवर घट्ट बसायची. उचलला की पुन्हा चाकांवर.

ह्यांचं कुरकुरणं होतंच. "चाकांवरच्या स्पीकरचा आवाज डळमळतो हो."

"साहेब, ह्या चाकांवर लोकांची ऑपरेशनं झालीत," चाकवाले म्हणाले. "गाणं काय घेऊन बसलात."

मी डावा स्पीकर एका हाताने ढकलला. दुसऱ्या हातात चहाचा कप होता. चहा हिंदकळला नाही. मला इतका आनंद झाला की मी उजवाही ढकलला, खिडकीपर्यंत नेला, परत आणला, दाराशी नेला. चाकवाल्यांना मी एक कोट शिवून द्यायचं कबूल केलं. स्पीकर राहिले. भांडण मिटलं. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जड होते तोवर ते एका जागी गप्प होते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता रोज सकाळी मी त्यांना कोपऱ्यात लावायची आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत परत जागेवर. जागा म्हणजे अगदी जागा. बोटभर चुकलं तरी हे ओळखायचे. म्हणून मीच म्हटलं, जमिनीवर खूण करू. खडूने केली, ती पुसताना गेली. मग रंगीत चिकटपट्टी आणली. "डाव्याला निळी फुली लाव, उजव्याला लाल गोल," ह्यांनी फर्मावलं. घरातसुद्धा हॉस्पिटल! पण लाल पट्टीचे गोल कापणं माझ्या हातचा मळ, मी कापून दिले.

आणि ह्यांचं गाणं सुरू झालं. म्हणजे बाईचं. ह्यांच्या आवडीची एक गाणारी बाई आहे, तिच्या तबकड्या ह्यांनी जपून ठेवल्या आहेत. स्पीकर बरोबर लागले की ती बाई, म्हणे, दोघांच्या मधोमध हवेत उभी राहून गाते. मला ती कधी दिसली नाही, पण माझ्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी दीड तास एक परकी बाई उभी असते याची मी सवय करून घेतली होती. तर ही बाई, हे वर्षभर म्हणत होते, उजवीकडे सरकायला लागली आहे. खिडकीकडे. पूर्वी बावन्न किलो हलवायचे कोणी, म्हणून ह्यांनी ते नशिबावर सोडलं होतं. आता चाकं होती.

"डावा जरा पुढे घेतो," ते म्हणाले, आणि दोन बोटं पुढे घेतला. बाई मधोमध आली. मी नवी निळी फुली लावली. जुनी काढली नाही. कोट गिऱ्हाइकाच्या अंगात गेल्याशिवाय जुनी खूण पुसायची नाही, ही माझ्या हाताची शिस्त आहे. पंधरवड्याने बाई पुन्हा खिडकीकडे. डावा आणखी तीन बोटं पुढे. नवी फुली. उजव्याचा लाल गोल मात्र होता तिथेच.

मग ह्यांनी शास्त्रशुद्ध तपास हाती घेतला. "डावा स्पीकर कमजोर झालाय," ते म्हणाले. "दोघांची अदलाबदल करू." चाकांमुळे दोन मिनिटांत डाव्याच्या जागी उजवा आणि उजव्याच्या जागी डावा. हे खुर्चीत बसले, डोळे मिटले. डावी बाजू कमजोरच.

"म्हणजे दोन्ही बिघडलेत," ते म्हणाले. "आळीपाळीने."

"डावीकडे गेला की बिघडतो आणि उजवीकडे गेला की सुधारतो?"

"तुला नाही कळायचं. हे नाजूक काम असतं."

मग वायरी बदलल्या. मग अँप्लिफायर उघडून फुंकर मारली. मग उजवीकडच्या खिडकीच्या काचेवर संशय आला, म्हणून मला जाड पडदा शिवायला लावला. मग डाव्या भिंतीत ओल असेल म्हणून तिच्यावर बोटाने टकटक करत अर्धा तास फिरले. त्याच सुमारास हॉस्पिटलातल्या मशीनचा डावा हेडफोनही बिघडला. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी हे स्वतःच्या कानाला लावून मशीन तपासतात, तो नियमच आहे. ह्यांना डावीकडे शिट्टी बारीक ऐकू आली. हेडफोन दुरुस्तीला पाठवला, आठवड्याने परत आला, सोबत चिठ्ठी: दोष नाही. पुन्हा पाठवला. पुन्हा तीच चिठ्ठी.

"हल्ली कोणाला कामाची लाज उरली नाही," हे तणतणले. मी मान हलवली. माझं लक्ष बटणं लावण्यात होतं. मी रोज संध्याकाळी ह्यांच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसते, दिवा तिकडे आहे म्हणून. मधूनमधून काहीबाही विचारते, हे उत्तर देत नाहीत. गाण्यात बुडालेत, मी मनात म्हणायची, आणि आणखी एक अपमान मनाच्या गाठोड्यात बांधून ठेवायची. दोन वर्षांत गाठोडं चांगलंच जड झालं होतं.

मला कळलं ते एका वकिलामुळे. माझे जुने गिऱ्हाईक. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. माझ्याकडे यायच्या आधी त्यांनी पाच शिंपी बदलले, कारण प्रत्येकाचा कोट डावीकडे "चुकायचा". आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला खांदा उतरलाय असं सांगत नाहीत. त्या बाजूला आत थोडी जास्तीची भर घालायची आणि तोंड बंद ठेवायचं. वकीलसाहेब आरशात पाहून म्हणतात, "तुमच्यासारखी कटाई कोणाला जमत नाही," आणि मी मान खाली घालून टाचण्या गोळा करते.

त्या दिवशीही ते असंच म्हणाले आणि गेले. मी टाचण्या शोधत जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. समोर निळ्या फुल्या होत्या. एरवी मी त्यांच्याकडे वरून पाहायची, आज पहिल्यांदा त्यांच्या पातळीवरून पाहिल्या. अकरा होत्या. एकामागून एक, भिंतीपासून खुर्चीकडे चालत आलेल्या. पलीकडे लाल गोल एकटा, जागच्या जागी.

उतरलेला खांदा मी लांबून ओळखते. तीस वर्षं तेच केलंय. स्पीकर बदलले, वायरी बदलल्या, पडदा बदलला, भिंतीला ठोकून पाहिलं. कान सोडून ह्या माणसाने सगळं तपासलं होतं. आणि कान हे तर ह्यांचं पोट. ज्या कानाने मशीन बरोबर आहे की नाही ठरतं, तोच उतरला हे ह्यांना सांगायचं कोणी आणि कसं?

मी काय केलं सांगू? धंद्यात करते तेच. संध्याकाळी डावा स्पीकर फुलीच्या चार बोटं पुढे लावला आणि फळी फुलीवर नाही हे दिसू नये म्हणून समोर कापडाचा गठ्ठा ठेवला.

हे आले, बसले, डोळे मिटले. मग एकदम उघडले. "अगं, आली! बाई आली मधोमध!" त्यांनी खटका कौतुकाने पायाने चाचपला. "मुरतात, बघ. चाकंसुद्धा मुरावी लागतात."

तीन आठवडे मी भर घालत राहिले. आधी मला स्वतःच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं, मग वाटेनासं झालं. वकिलाचा खांदा पंधरा वर्षं तेवढाच आहे. हा खांदा रोज उतरत होता. भर कुठवर घालणार? एक दिवस डावा स्पीकर ह्यांच्या मांडीवर बसवावा लागला असता.

आणि मग एके दिवशी हे कामावरून आले, शांतपणे चहा घेतला आणि म्हणाले, "मी ठरवलं. ह्या खोलीला हे स्पीकर मानवत नाहीत. चाकवाले मागे लागलेत, त्यांना देऊन टाकतो. तुलाही जागा मोकळी होईल. तूच म्हणत होतीस ना?"

म्हणत होते. दहा महिन्यांपूर्वी हे वाक्य ऐकायला मी नवस बोलले असते. आता मला ते नको होतं. स्पीकर गेले की ह्यांच्याकडे तक्रार करायला काही उरणार नव्हतं, आणि तक्रार गेली की त्या सात वर्षांतली उरलेली वर्षं कशी गेली ते कोणालाच कळलं नसतं.

रविवारी चाकवाले आले, मी शिवलेला कोट घालून. ह्यांनी त्यांना मानाने खुर्चीत बसवलं, बाईची तबकडी लावली. चाकवाल्यांनी डोळे मिटले नाहीत, ते चाकांकडे पाहत ऐकत होते. थोड्या वेळाने चुळबुळले.

"साहेब, राग नका मानू. पण डावा जरा जास्तच बोंबलतोय."

हे हसले. मनापासून, पेशंटला हसावं तसे. "चाकवाले, दिवसभर हातोडा मारता, दुसरं काय होणार? उद्या सकाळी या माझ्याकडे. तपासून टाकू. अहो, लाजायचं काय त्यात? सगळेच उशिरा येतात."

चाकवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाचण्यांच्या डबीत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी हे घरी आले ते विचारात पडलेले. "चमत्कारिकच आहे," जोडे काढता काढता म्हणाले. "चाकवाल्यांचे दोन्ही कान विशीतल्या पोरासारखे ठणठणीत निघाले." मग जोडे बाजूला ठेवत म्हणाले, "मशीनच बिघडलंय ते. मी केव्हाचा सांगतोय."

तेव्हा मला कळलं की हा कोट नव्हे. इथे भर घालणं म्हणजे माणूस बुडवणं.

दुसऱ्या दिवशी दहाला मी स्पीकर सरकवले आणि कापड अंथरलंच नाही. बेतायचा पिवळा कागद घेतला, टेप घेतला आणि जमिनीवरच्या खुणा मोजल्या. कोणत्या फुलीला कुठला महिना हे मला आठवत होतं, कारण त्या त्या महिन्यात कोणाचा कोट बेतला तेही आठवत होतं. कागदावर आडवे महिने घेतले. वर भिंत धरली आणि स्पीकर भिंतीपासून जितका पुढे आला तितकी खूण खाली. उजव्याचे लाल गोल एका ओळीत वरच राहिले. निळ्या फुल्या पायऱ्या उतरल्या. मी चोरून पुढे लावला होता त्याच्याही फुल्या घातल्या.

संध्याकाळी ह्यांच्यासमोर कागद ठेवला. चष्मा खिशात होता, डोळ्यांवर नव्हता. ह्यांनी हातभर लांब धरून नुसता आकार पाहिला, आणि क्षणात आवाज बदलला, हॉस्पिटलातला झाला.

"हा कोणाचा?"

"माझ्या एका गिऱ्हाइकाच्या नवऱ्याचा."

"उजवा छान आहे. डावा उतरलाय. बघ, कसा उतरत गेलाय." बोट फुल्यांवरून खाली आलं. "एकाच बाजूचा कान असा जायला लागला की थांबायचं नसतं. कानाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं, लगेच. तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, स्पीकर बिघडलेत."

"म्हणणारच," ते हसले. "बायकोला सांग, धरून आण. तो स्वतःहून यायचा नाही."

ह्यांनी खिशातून चष्मा काढला, आकडे बघायला. शिट्ट्यांचे आकडे तिथे नव्हते. तिथे माझ्या अक्षरात लिहिलं होतं: दोन बोटं, पाच बोटं, एक वीत. आणि खाली महिने. ते बराच वेळ कागद पाहत राहिले. मग जमिनीकडे पाहिलं, फुल्यांकडे. ओठ हलत होते, मोजत होते. शेवटच्या फुल्या जमिनीवर नव्हत्या, फक्त कागदावर होत्या. त्यांनी कापडाचा गठ्ठा बाजूला केला आणि फळी कुठे उभी आहे ते पाहिलं.

मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

ते उठले, डाव्या स्पीकरचा खटका पायाने उचलला आणि त्याला मागे नेला. दहा फुल्या ओलांडून पहिल्या फुलीवर, उजव्याच्या अगदी ओळीत. एका हाताने नेला, बावन्न किलो. खटका दाबला. बाईची तबकडी लावली आणि खुर्चीत बसले. "चाकवाल्यांना कळव," समोर बघत म्हणाले, "स्पीकर द्यायचे नाहीत. आणि मशीन ठीक आहे म्हणावं."

मी नेहमीच्या जागी बसले होते, डावीकडे, दिव्याखाली. गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने मी हळूच विचारलं, "अहो, बाई कुठे आहे?"

ते समोर पाहत राहिले. मानेची हालचालसुद्धा नाही. याच खुर्चीतून मी दोन वर्षं विचारत होते, आणि प्रत्येक न मिळालेलं उत्तर मी रागाने जपून ठेवलं होतं. मला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला.

सगळ्या घराला चाकं लावली, माझी खुर्ची तेवढी राहिली होती. मी ती उचलली, ह्यांच्या मागून नेली आणि उजवीकडे, खिडकीच्या जाड पडद्याशी ठेवली. बसले. पुन्हा विचारलं, तेवढ्याच हळू.

"इकडे," ते म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तुझ्या शेजारी उभी आहे." तबकडीची बाजू संपली तेव्हा म्हणाले, "उद्या मी रजा टाकतो. तू चल बरोबर. आणावं लागतं पेशंटला."